चार वाजून दहा मिनिटांचा भूकंप

शेवट आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला उगाच धाकधूक नको. सतरा मार्चला दुपारी आमच्या गावातले सातही हत्ती आपल्या पायांनी जंगलात परत गेले, कारण ऐंशी किलोमीटरवरच्या एका हत्तीणीने त्यांना फोनवरून उत्तर दिलं.

आता हे विसरा. असं काही झालेलं नाही. सरकारी अहवालात लिहिलंय, ‘हत्ती स्वेच्छेने गेले. कारण : वारा.’ त्या दुपारी पानसुद्धा हललं नव्हतं, पण अहवालात वारा आहे म्हटल्यावर वारा होता. फोन झाला नाही. हत्तीण बोलली नाही. अन्वी मॅडम रजेवर होत्या. आणि मी, द्वारका गवस, इयत्ता सातवी, त्या वेळी घरी बसून गणिताचा गृहपाठ करत होते. तो अजून अपुरा आहे, हा निव्वळ योगायोग.

तर ही न घडलेली गोष्ट अशी.

आमचं गाव माणगेवाडी, तिलारीच्या खोऱ्यात. एका बाजूला सह्याद्रीची निळी भिंत, दुसऱ्या बाजूला सुपारी-केळीच्या बागा आणि मधून मोठा रस्ता. रस्त्यावर जनावरांसाठी एक हिरवा पूल आहे. त्याच्यावर माती टाकून झाडं लावलीत, त्यामुळे गवे, भेकरं, हत्ती सगळे वरून जातात आणि खालून गाड्या. मार्चमध्ये आमच्याकडे दुपार अशी पसरते, की सगळा गाव पाण्याखाली बुडालाय असं वाटतं. काजूची बोंडं पिकून खाली पडतात. त्यांचा गोड-आंबट वास गल्लीगल्लीतून हळूहळू चालत येतो. बोलायला तोंड उघडलं तर शब्दाच्या जागी जांभई येते.

माझ्या आजोबांचं नाव विहान. नाव जुन्या वळणाचं आहे. त्यांच्या पिढीत अशीच ठेवायचे. त्यांनी पस्तीस वर्षं भूकंप मोजले. निवृत्त होताना बाकीचे लोक शाल आणि भिंतीवरचं घड्याळ आणतात. आजोबांनी एक जुना भूकंपमापक (जमिनीची थरथर टिपणारं यंत्र) आणला, आणि तो घरामागच्या खड्ड्यात पुरून ठेवला. आई म्हणाली, “खड्डा नारळासाठी खणला होता.” आजोबा म्हणाले, “नारळ काय, कुठेही लागतो.”

ते यंत्र सात वर्षं रोज आपली रेघ ओढत होतं. पण गेल्या मार्चपासून त्याच्यात एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे चहाच्या वेळेला, एक अगदी छोटा भूकंप व्हायचा. इतका छोटा, की त्याने मुंगीचाही तोल गेला नसता.

“हा भूकंप नव्हे द्वारके,” आजोबा म्हणाले.

“कशावरून?”

“भूकंपाला वेळापत्रक नसतं.”

“एसटीलाही नसतं, पण ती एसटीच असते.”

आजोबांनी वही उघडली. मग आम्ही संशयितांची यादी केली. भाताची गिरण त्या वेळी बंद असते. खडीचा कारखाना दूर आहे. मग उरले घाडीकाका. त्यांचं नाव तनिष्क घाडी. गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे आहे, आणि आवाज असा की दुपारी ते झोपले की शेजारच्या घरातली भांडी वाजतात.

काका भडकले. “माज्या घोरण्यान जमीन हालता? तुमचा यंत्र आधी दुरुस्त करून घेवा!”

मग एका दुपारी मी बागेच्या कडेला, ठरवून दिलेल्या अंतरावर बसून हत्ती बघत होते. गेलं वर्षभर सात हत्ती आमच्याच बागांमध्ये राहत होते. पूर्वी ते पावसाळ्याआधी येऊन पंधरा दिवसांत पुलावरून परत जायचे. या वेळी गेलेच नाहीत. केळी संपत आल्या, सुपाऱ्या आडव्या झाल्या, आमची बाग तर आता मैदान म्हणून क्रिकेटला देता आली असती. कळपाची म्होरकी थोरली. तिचं नऊ महिन्यांचं पिल्लू बोंडू. त्याला काजूची बोंडं आवडतात. ती खाऊन तो झिंगल्यासारखा चालतो आणि मग आईच्या पोटाखाली जाऊन झोपतो.

त्या दुपारी सातही हत्ती एकदम थांबले. कान पसरले. एकाने पुढचा पाय किंचित उचलून हवेत धरला. सगळं इतकं स्तब्ध, की कोणीतरी दुपारचा फोटो काढून भिंतीला लावलाय आणि मी त्या फोटोत बसलेय असं मला वाटलं. तेवढ्यात माझा फोन थरथरला.

“आला बघ!” आजोबा ओरडले. “चार दहाचा भूकंप आला!”

“आजोबा,” मी हळूच म्हणाले, “तो भूकंप माझ्यासमोर उभा आहे. त्याला सोंड आहे.”

संध्याकाळी आजोबांनी अंगणात परात भरून पाणी ठेवलं. त्यात बोट भराभर हलवलं, तर बारीक बारीक लाटा उठल्या. मग हळू हलवलं, तर लांब लांब लाटा.

“आवाज म्हणजे हेलकावा. एका सेकंदात किती हेलकावे, ती त्याची वारंवारिता (किती वेळा होतं त्याची मोजणी). डास एका सेकंदात पाच-सहाशे वेळा पंख हलवतो, म्हणून तो पिपाणीसारखा. ढोल साठ-सत्तर, म्हणून तो जाड. आणि वीसच्या खाली गेलं की?”

“की काय?”

“की आपला कान म्हणतो, हे माझ्या खात्यात येत नाही.”

अशा आवाजाला अवश्राव्य ध्वनी (आपल्याला ऐकू येण्याच्या पातळीखालचा आवाज) म्हणतात. हत्ती दोन प्रकारे बोलतात. चीत्कार आपल्याला ऐकू येतो. तो म्हणजे त्यांची आरडाओरड. खरं बोलणं घशातल्या घुमण्यात असतं, सेकंदाला पंधरा-वीस हेलकाव्यांचं, आणि त्यातलं बरंचसं आपल्याला कळतही नाही.

“पण एवढ्या जाड आवाजाचा उपयोग काय?” मी विचारलं.

आजोबांनी परातीत एक काडी उभी धरली. बारीक लाटा काडीवर आपटून फुटल्या. लांब लाट मात्र काडीला वळसा घालून, जणू तिथे काही नाहीच अशी पुढे गेली.

“पंधरा हेलकाव्यांच्या आवाजाची एक लाट तेवीस मीटर लांब असते. आपल्या सुपारीच्या झाडापेक्षाही लांब. पानं, फांद्या, झुडपं तिच्या वाटेत येतात, पण तिला पत्ताच नसतो. म्हणून ती जंगलातून मैलोन्‌मैल जाते. आणि थोडी जमिनीतूनही जाते. हत्तीच्या तळव्यात चरबीची मऊ गादी असते. तिच्यातून थरथर त्याला कळते. हत्ती पायानेही ऐकतो, द्वारके.”

त्या रात्री मी अनवाणी अंगणात उभी राहिले. मला काही ऐकू आलं नाही. एक खडा टोचला, तेवढाच.

नऊ मार्चला अन्वी मॅडम आल्या. त्या आमच्या भागाच्या वनाधिकारी. त्यांच्या हातात पत्र होतं आणि चेहऱ्यावर ते पत्र आपण लिहिलेलं नाही असा भाव. अठरा तारखेला मोठा ट्रक येणार होता. थोरलीला बेशुद्ध करून घाटमाथ्यावरच्या हत्ती केंद्रात नेणार होते. म्होरकी गेली की बाकीचे आपोआप पांगतील, असा वरचा अंदाज होता.

“आणि बोंडू?” मी विचारलं.

मॅडमनी पत्र उलटसुलट करून बघितलं. “पत्रात बोंडूचा उल्लेख नाही.”

“तो दूध पितो अजून.”

“मला माहितीये गं.”

“आईशिवाय तो किती दिवस—”

“मला माहितीये, द्वारका,” त्या म्हणाल्या, आणि चहा अर्धा ठेवून गेल्या.

म्हणजे आमच्याकडे नऊ दिवस होते. आजोबांचा बेत सोपा होता : कळप हलवायला म्होरकी घुमते, तेच थोरलीचं रोजचं ‘चला’, आणि तो आवाज यंत्रात आहेच. तोच तिच्या कळपाला परत ऐकवायचा. यासाठी आधी आम्ही रीतसर प्राणी-संवाद परवान्याचा अर्ज भरला. तो चौदाव्या रकान्यात अडकला. तिथे ‘समोरच्या पक्षाची स्वाक्षरी’ मागितली होती.

मग आम्ही विनापरवाना घुमा बनवला. घुमा म्हणजे दोन हजार लिटरची पाण्याची टाकी, तिच्या तोंडावर ताणलेली ताडपत्री आणि ताडपत्री हळूहळू मागेपुढे ढकलणारी मिक्सरची मोटर. तो चालू केला की ऐकू काहीच यायचं नाही. फक्त छातीत कोणीतरी जुनं कपाट सरकवतंय असं वाटायचं आणि शेजारी ठेवलेल्या कळशीतल्या पाण्यावर गोल गोल कडी उमटायची. एक घुमा कमी पडला तर असावा म्हणून आम्ही दोन बनवले. आई म्हणाली, “दोन्ही मिक्सर गेले ना? मग चटणीसुद्धा आता हत्तींकडेच मागा.”

घुमा बागेच्या कडेला ठेवून आम्ही ‘चला’ वाजवलं. हत्ती थांबले. कान पसरले. पाय उचलला. 

काही नाही. कोणी हललं नाही. थोरली घुम्याकडे बघत राहिली. वर्गात नवीन मास्तर येऊन एकदम ‘परीक्षा’ म्हणाले की आम्ही बघतो, तशी. बोंडू खाली बसला. दुसऱ्या दिवशी परत वाजवलं, तिसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी एक हत्ती पाठ करून उभा राहिला.

“शब्द बरोबर आहे,” आजोबा पुटपुटत होते. “शब्द अगदी बरोबर आहे.”

पंधरा तारखेला गावाने देवळासमोर गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे कसलंही संकट आलं की गाऱ्हाणं घालतात. घाडीकाका नारळ हातात घेऊन उभे राहतात आणि एकेक मागणी मोठ्याने सांगतात. प्रत्येक मागणीनंतर सगळा गाव एका आवाजात म्हणतो, ‘व्हय म्हाराजा!’

“बा देवा म्हाराजा,” काकांनी सुरुवात केली, “आज ह्यो सगळो गाव तुज्या पायाकडे उभो आसा!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्ये हत्ती आमच्या बागेत वाट चुकले, त्येंका त्येंची वाट दाखय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“त्येंचा लेकरू त्येंच्या संगती सुखरूप जांवदे रे म्हाराजा!”

या वेळी मी बोलले नाही. मी बागेत बोंडू दिसतो का ते बघत होते. काका थांबले.  उन्हात एक पान गिरक्या घेत इतकं सावकाश खाली आलं, की त्याला खाली यायचंय की नाही हेच कळेना.

“एक ‘व्हय’ कमी इलो,” काका म्हणाले. “कोण गप रवला?”

साठ माणसांनी माझ्याकडे बघितलं.

“व्हय म्हाराजा,” मी म्हणाले.

“मोठ्यान!”

“व्हय म्हाराजा!”

मग गाऱ्हाणं पुढे सरकलं. ते संपल्यावर मी काकांच्या मागे लागले. “काका, बाकी सगळ्यांनी म्हटलं होतं की. माझं एकटीचं राहिलं म्हणून काय बिघडलं?”

“गाऱ्हाणा काय एकट्या घाड्याचा नसता गो,” ते नारळ फोडत म्हणाले. “मी फकत इचारतंय. गाव ‘व्हय’ म्हणता तेव्हा ता गावाचा होता. एकटो जरी गप रवलो, तर गाऱ्हाणा थयच उभा. फुडे जाणा नाय.”

मी खोबऱ्याचा तुकडा न घेताच पळत सुटले. हे आमच्या गावात आजवर कोणी केलेलं नाही.

“आजोबा! थोरली ‘चला’ म्हणते, त्याच्यानंतर काय असतं?”

“काही नाही. किरकोळ थरथर. मी ती छाटून टाकतो.”

“का?”

“अगं, पश्चातकंप (मोठ्या धक्क्यानंतर येणारे लहान धक्के) आपण नेहमीच वेगळे करतो. मुख्य धक्का स्वच्छ दिसायला...” आजोबा मध्येच थांबले. पस्तीस वर्षांची सवय त्यांच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरताना मला दिसली.

“तुम्ही गावाचं ‘व्हय’ छाटलंत आजोबा.”

आम्ही न छाटलेल्या नोंदी काढल्या. पडद्यावर आधी थोरलीची लांब रेघ आली. तिच्या शेपटावर दुसऱ्या हत्तीची, मग तिसऱ्याची. एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू, साखळीसारखं. बोंडूचीसुद्धा एक बारीकशी वेडीवाकडी रेघ होती. आम्ही मोजले : सहा होकार. आणि सहाव्यानंतर रिकामी जागा. बरोब्बर एका होकाराएवढी. मग थोरली पुन्हा विचारायची. पुन्हा सहा, पुन्हा रिकामी जागा. असं तीनदा. मग सगळं शांत. रोज, वर्षभर, चार वाजून दहा मिनिटांनी.

आजोबांनी दोन वर्षांपूर्वीच्या नोंदी उघडल्या. तिथे तीच साखळी होती, फक्त तेव्हा न जन्मलेल्या बोंडूची रेघ नव्हती. पण आता जिथे रिकामी जागा आहे, तिथे आणखी एक रेघ होती. सगळ्यांत शेवटी येणारी, सगळ्यांत जाड, टोकाला जराशी थरथरणारी. आणि तिच्यानंतर पावलं.

“आठवा हत्ती,” मी म्हणाले. “मावशी!”

मावशी म्हणजे थोरलीची धाकटी बहीण. गेल्या वर्षी तिने शाळेच्या स्वयंपाकघराचं दार काढून बाजूला ठेवलं (मोडलं नाही, नीट काढून ठेवलं) आणि महिन्याचे तांदूळ खाल्ले. तिला ट्रकमधून घाटमाथ्यावरच्या केंद्रात नेलं. त्या दिवसापासून यंत्रात ती रिकामी जागा होती.

हत्ती आमच्या बागेत केळ्यांसाठी थांबले नव्हते. ते मावशीच्या ‘व्हय’साठी थांबले होते.

“तिचा जुना आवाज आपल्याकडे आहे ना?” मी उडी मारली. “घुम्यातून तोच वाजवू! आत्ता!”

आजोबांनी मान हलवली. “तिला विचारलंच नाही, आणि तिच्या नावाने आपण होकार द्यायचा?”

“पण ते जातील! बोंडू वाचेल!”

“आणि पुलापलीकडे गेल्यावर ते मागे वळून तिला शोधतील. मग?”

दारात घाडीकाका उभे होते, माझा खोबऱ्याचा तुकडा घेऊन. “दुसऱ्याचो ‘व्हय’ आपण म्हणूचो नसता, बाये,” ते म्हणाले. “तिकाच इचारूक होया.”

तिलाच विचारायचं, पण कसं? फोनवरून. पण फोन माणसांच्या आवाजासाठी बनवलेला. गेल्या पन्नास वर्षांत तो कागदासारखा पातळ झालाय, तरी शिस्त तीच : सेकंदाला तीनशेपेक्षा कमी हेलकावे आले की तो त्यांना दारातच अडवतो. हत्तीचे पंधरा त्याच्या गावीही नाहीत.

“पंधराचे तीनशे कसे करायचे?” आजोबांनी विचारलं.

माझा गृहपाठ अपुरा असला तरी पाढे पाठ आहेत. “वीसने गुणायचं.”

“म्हणजे?”

“म्हणजे... आवाज वीसपट वेगाने वाजवायचा! फोनमधून जाईल. आणि पलीकडे वीसपट हळू करायचा.”

आम्ही करून बघितलं. थोरलीचं पाच सेकंदांचं, डोंगराएवढं, वर्षभराच्या वाट पाहण्याने भरलेलं बोलणं वीसपट वेगाने कसं वाजलं माहितीये?

‘टुक्.’

एवढंच. आम्ही तिघं त्या ‘टुक्’कडे बघत बसलो.

अन्वी मॅडमना सगळं सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या. मग त्यांनी पडद्यावरची रिकामी जागा बघितली. मग त्यांनी खिशातून ते पत्र काढलं, वाचलं, परत घडी घातली. “केंद्रातल्या प्रत्येक हत्तीच्या पायात तब्येत बघायला वाळा असतो,” त्या म्हणाल्या. “जमिनीची आणि अंगातली थरथर टिपणारा. दुसरा घुमा कुठाय?”

“मॅडम, परवानगी...” मी म्हणाले.

“मी उद्यापासून रजेवर आहे. रजेवरचा माणूस कुठे असतो हे कोणालाच माहीत नसतं.”

सतरा तारखेला चार वाजता मी बागेच्या कडेला कानाला फोन लावून बसले. आजोबा घुम्यापाशी. देवळाच्या टेकाडावर सगळा गाव गुपचूप जमला होता, आणि साठ माणसं गुपचूप जमली की जेवढा आवाज होतो तेवढा होत होता. समोर सात हत्ती, उन्हाच्या झळांमध्ये हलणारे, अर्धे खरे आणि अर्धे जणू कोणाच्या तरी झोपेतले.

“मावशी काय करतेय?” मी फोनवर विचारलं.

“भिंतीकडे तोंड करून उभी आहे,” अन्वी मॅडम केंद्रातून म्हणाल्या. “माहूत म्हणतो, रोज या वेळी अशीच उभी राहते. त्याला वाटायचं, ऊन लागतं.”

चार दहा. हत्ती थांबले. कळशीतल्या पाण्यात कडी उमटली. आजोबांनी बटण दाबलं. ‘टुक्.’

आणि फोन कटला.

तुम्हाला वाटेल, मी हे गोष्टीत रंगत यावी म्हणून लिहिलं. नाही. आमच्या गावात फोन कटतो. मी परत लावला. तोवर सहा होकार झाले होते, रिकामी जागा येऊन गेली होती. थोरलीने दुसऱ्यांदा विचारलं. ‘टुक्’ गेलं.

“इथला घुमा वाजला,” मॅडम कुजबुजल्या. “ती वळली. द्वारका, ती वळली. तिने पाय उचललाय. नुसती उभी आहे... काही बोलत नाहीये गं.”

रिकामी जागा आली आणि गेली. आता एकदाच. आजोबांनी बोट बटणावरच ठेवलं होतं.  बोंडू आईच्या पायाला टेकून डोळे मिटत होता. उद्या याच वेळी ट्रक.

थोरलीने तिसऱ्यांदा विचारलं. कडी उमटली. ‘टुक्.’ मी सेकंद मोजू लागले, एक, दोन, तीन. पडद्यावर सहाही होकार आले. सात, आठ. टेकाडावर कोणीही खोकलं नाही. बारा, तेरा...

फोनमधून आवाज आला.

‘टुक्.’

आजोबांनी तो वीसपट हळू करून घुम्यात सोडला. आम्हाला काही ऐकू आलं नाही. पण छातीत ते जुनं कपाट सरकलं. कळशीतल्या पाण्यात जाड, सावकाश कडी उमटली, आणि टोकाला जराशी थरथरली.

सातही हत्तींनी एकदम कान पसरले. थोरलीने डोळे मिटले. मग हे फारच हळू झालं, ढग हलतात तसं. कधी सुरू झालं सांगता येणार नाही. एक पाय. मग दुसरा. थोरली वळली, बोंडू तिच्या शेपटाला धरून, मागे बाकीचे. सुपाऱ्यांमधून, उन्हातून, हिरव्या पुलावरून. खाली गाड्या जात होत्या. गाडीतल्या कोणालाही माहीत नव्हतं, की त्यांच्या डोक्यावरून कोण घरी चाललंय.

टेकाडावरून कोणीतरी अगदी हळू, देवाला जाग येऊ नये अशा बेताने म्हणालं, “व्हय म्हाराजा.”

“ती काय म्हणाली असेल आजोबा?” मी विचारलं.

“कोणास ठाऊक. ‘मी आहे’ म्हणाली असेल, किंवा ‘तुम्ही व्हा पुढे’.” ते कळशीतल्या पाण्याकडे बघत होते. “आपल्याला वाटायचं, प्राण्यांची भाषा कळायची म्हणजे त्यांचे शब्द कळायचे. पण शब्द हा निम्माच भाग. कोणी विचारलं, कोणी उत्तर दिलं आणि कोणाच्या उत्तरासाठी सगळे थांबलेत, हे कळलं की बोलणं कळलं.”

अठरा तारखेला ट्रक आला आणि रिकामा गेला. चालकाने जाताना चार बोंडं नेली. अन्वी मॅडम रजेवरून परत आल्या आणि त्यांनी वाऱ्याबद्दल सविस्तर अहवाल लिहिला. मावशीला परत जंगलात सोडावं असं पत्रही त्यांनी पाठवलंय. ते सहा कचेऱ्यांमधून जाईल. सध्या दुसरीत आहे. मॅडम म्हणतात, हत्तीला घाई नसते, आपणही शिकू.

माहूतदादा सांगतात, मावशी आता रोज भिंतीकडे नाही, आमच्या दिशेला तोंड करून उभी राहते आणि वाळ्यात तिचं घुमणं येतं. बोंडू पुलापलीकडे कुठेतरी दूर आहे. त्याला ते पोचतं का? फोन पुन्हा लावता येत नाही, कारण जे झालंच नाही ते पुन्हा करायची परवानगी मिळत नाही. आजोबा म्हणतात, तिचा आवाज इतक्या लांबून जमिनीतून येतच असेल तर अगदी विरून येत असेल, आणि तो शोधायला यंत्राची रेघ शांत हवी. ती शांत नसते. ट्रक, पंप, गिरण्या हे तर आहेतच. पण सगळ्यांत मोठी थरथर समुद्राची. लाटा किनाऱ्यावर आणि एकमेकींवर आपटतात, त्याने जमीन दिवसरात्र हलत असते. पार नागपूरपर्यंतच्या यंत्रांना ती कळते.

म्हणून मी काल रीतसर अर्ज पाठवला. त्याची प्रत इथे जोडते.

प्रति,
मा. संचालक,
बंदरे, किनारे व लाटा विभाग.

विषय : समुद्र अल्पकाळ बंद ठेवण्याबाबत.

महोदय,
वरील विषयान्वये विनंती करण्यात येते, की अरबी समुद्राच्या सर्व लाटांनी दररोज दुपारी ४ वाजून १० मिनिटे ते ४ वाजून १५ मिनिटे या वेळेत किनाऱ्यावर आपटू नये. आपटणे अनिवार्य असल्यास ते हळू करावे. भरती-ओहोटीस आमची हरकत नाही. सदर पाच मिनिटांत एक मावशी तिच्या भाच्याशी बोलणार असून आम्हाला फक्त तो होय म्हणाला की नाही एवढेच ऐकावयाचे आहे. तरी आपण संबंधित लाटांना तसे लेखी आदेश द्यावेत व केलेल्या कार्यवाहीचा अहवाल आठ दिवसांत या कार्यालयास (घरामागचा खड्डा, माणगेवाडी) सादर करावा, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
द्वारका गवस
इयत्ता सातवी, तुकडी अ